दोन टनांचा कॉम्प्रेसर ओढायला व्हॅन घ्यावी की पिकअप?

पारोळ्याकडच्या एका भावाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "विहिरीचं खोदकाम, खडक फोडणं, पाइपलाइनचं गॅस कटिंग-वेल्डिंग अशी कामं घेतो. चाकांवरचा एअर कॉम्प्रेसर घ्यायचाय, वजन दोन टनांच्या आसपास सांगतात. धुळे, जळगाव, चाळीसगाव आणि कधी कधी घाट चढून कन्नडपर्यंत काम असतं. सोबत तीन-चार माणसं. हत्यारं चोरीला जातात म्हणून बंद व्हॅन घ्यावीशी वाटते, पण सगळे पिकअप घे म्हणतात. बजेट दहा-बारा लाख. कोणती गाडी दोन टन ओढेल?"

भाऊ, आधी तुमचा प्रश्न जरा वेगळा मांडतो. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांवरचं दोन टन वजन हलतं ठेवायला चाळीस-पन्नास किलोचा जोर पुरतो. म्हणूनच साइटवर चार माणसं मशीन ढकलून कोपऱ्यात लावतात. तेव्हा "ओढेल का?" असं विचारलं की शोरूमवालाही हो म्हणतो, गॅरेजवालाही हो म्हणतो, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. अडचण पुढे येते. घाट उतरताना येते, पुढचा उसाचा ट्रॅक्टर अचानक थांबल्यावर येते, मे महिन्यात भर दुपारी चढावर क्लचचा वास सुटल्यावर येते. मागचं वजन गाडीला थांबवता येतं का आणि मागच्या धुऱ्याला (एक्सलला) ते झेपतं का, या दोन प्रश्नांवर माझी निवड ठरते. इंजिनाची ताकद त्यानंतर.

माझं काम भुसावळ-जामनेर पट्ट्यात पाइपलाइनचं आणि कॉम्प्रेसर-ब्रेकर भाड्याने देण्याचं आहे. जे सांगतोय ते त्या धंद्यातलं. धुळ्याच्या बाजूला रस्ते आणि चढ वेगळे, नंदुरबारकडे तर आणखी वेगळे, तेवढा फरक तुम्ही धरून चालायचा.

तुमच्या लिहिण्यावरून मशीन अजून घेतलेलं नाही असं दिसतंय. हे फार बरं झालं, कारण गाडी मशीनवरून ठरते आणि मशीन कामावरून. तुमचं मशीन एका साइटवर आठ-दहा दिवस मुक्कामी राहतं, की रोज सकाळी नवीन गावाला निघतं? विहिरीच्या कामावर ते मुक्कामी राहत असेल तर ओढायचं मशीन बरोबर. ते काढून ठेवायचं आणि गाडी डिझेल, माणसं, सिलेंडर आणायला मोकळी. पण रोज हलत असेल, तर मागे ट्रेलर लटकवून फिरण्यापेक्षा बिनचाकी कॉम्प्रेसर घेऊन तो ४०७ सारख्या गाडीच्या हौद्यात कायमचा बोल्टाने बसवून टाकलेला परवडतो. वळण घेताना कटकट नाही, रिव्हर्स सोपा, कागदपत्रं एकाच वाहनाची, आणि ब्रेक त्या वजनासाठीच बनवलेले. ४०७ ही १९८६ पासून रस्त्यावर आहे, तिचं काम न येणारा मिस्त्री आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. फक्त मशीन दुरुस्तीला गेलं की गाडीही अडकते, आणि गाडी गॅरेजला गेली की मशीन बसून राहतं. तेवढा तोटा पत्करायचा.

आता समजा ओढायचंच ठरलं. मग "दोन टनांच्या आसपास" हे वजन सोडून द्या. विकणारा सांगतो ते बहुतेक वेळा कोरडं वजन असतं. त्यात डिझेलची टाकी भरली, ऑइल भरलं, वर रबरी होज गुंडाळले, बाजूच्या पेटीत ड्रिल रॉड आणि दोन ब्रेकर टाकले की दीड-दोनशे किलो सहज वाढतात. रॉड लोखंडाचे असतात, हे मशीन विकताना कोणी मोजत नाही. जिनिंगच्या किंवा मार्केटच्या वजनकाट्यावर दुसऱ्या कोणाचं असंच मशीन एकदा चढवून पावती घ्या. जमलं तर दुसरं वजनही घ्या: मशीन ज्याने गाडीला जोडतात त्या दांड्याचं टोक तेवढं काट्यावर टेकवायचं आणि चाकं बाहेर ठेवायची. दांड्याच्या टोकावर किती किलो येतात ते त्यातून कळतं. मोठ्या काट्यावर एवढा लहान आकडा नीट येत नाही, तेव्हा धान्याच्या दुकानातला काटा मागून आणा.

मशीनच्या खालचा सांगाडा हा माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. चाकं दिसली की लोकांना वाटतं मशीन रस्त्यावर पळवायचं आहे. पण कॉम्प्रेसर दोन जातींच्या सांगाड्यांवर येतात. एक, खाणीत किंवा साइटच्या आवारात इकडून तिकडे सरकवण्यापुरता. चार चाकं, पुढचा धुरा दांड्याबरोबर वळणारा, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) नाहीत किंवा नावाला, ब्रेक नाहीत. त्याला हळूहळू न्यायचं असतं, आणि तशी वेगमर्यादा पाटीवर किंवा पुस्तकात दिलेली असते. दुसरा सांगाडा रस्त्यासाठी बनवलेला. एक किंवा जवळजवळ लावलेले दोन धुरे, खाली स्प्रिंग किंवा रबराचं सस्पेंशन, दिवे, हँडब्रेक, आणि दांड्यात बसवलेला दाबाचा ब्रेक. या ब्रेकचं काम साधं आहे. गाडीने ब्रेक मारला की मागचं मशीन पुढे रेटतं, त्या रेट्याने दांड्यातली नळी आत सरकते आणि तीच मशीनच्या चाकांचे ब्रेक ओढते. वायर नाही, हवा नाही.

पहिल्या जातीचं मशीन हायवेवर साठच्या वेगाने नेलं की बेअरिंग तापतं, मग चाक डगमगतं, आणि एक दिवस चाक गाडीला ओव्हरटेक करून पुढे निघून जातं. हसू नका, हे एरंडोलच्या अलीकडे लोकांनी बघितलेलं आहे. चार चाकी सांगाड्याचा आणखी एक ताप म्हणजे रिव्हर्स. गावातल्या बोळात तो मागे घेता येत नाही, हुक काढून माणसांनीच ढकलावा लागतो. मशीन स्वस्त मिळतंय म्हणून साइटपुरता सांगाडा घेणार असाल, तर गाडीचा विषय बाजूला ठेवा आणि ने-आण भाड्याच्या ट्रॅक्टरने करा.

ब्रेक असलेला सांगाडा का, हे आकड्यांत सांगतो. तुम्ही आणि माणसं, हत्यारं, सिलेंडर धरून भरलेली पिकअप पावणेतीन टन, मागे दोन टन, म्हणजे पावणेपाच टनांची वरात. एकास पंधरा असा चढ धरा, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. ही वरात वर खेचायला चढामुळे सव्वातीनशे किलोंच्या आसपास आणि चाकांच्या घर्षणापोटी आणखी शंभर, असा सव्वाचारशे किलोंचा जोर लागतो. ताशी २० किलोमीटरने चढलात तर चाकांवर तीस हॉर्सपॉवर पुरतात. पंच्याहत्तर हॉर्सपॉवरची कुठलीही पिकअप हे दुसऱ्या गिअरवर निवांत करते. तोच चढ ४० ने चढायचा म्हटलं की साठ लागतात, वर गिअर आणि धुऱ्यातली गळती. म्हणजे तीच पिकअप पार शेवटच्या दमापर्यंत जाते. घाई केली नाही तर इंजिन पुरतं, एवढाच त्याचा अर्थ.

उतरताना मात्र हिशेब गाडीच्या हातात राहत नाही. हीच वरात २०० मीटर उभ्या उंचीवरून खाली आली की सुमारे अडीच युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दीड हजार वॅटची शेगडी पावणेदोन तास पेटवून ठेवली तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी दहा मिनिटांत. गिअर वर ठेवून किंवा न्यूट्रल करून उतरलात तर ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये आणि डिस्कमध्ये जाते. लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, पायाखालचा पेडल फळीला टेकतो. कन्नड घाट, लळिंग, कोंडाईबारी, सेंधव्याकडचा बिजासन, कुठेही हाच नियम: ज्या गिअरवर चढलात त्याच्यावरच उतरायचं, आणि ते उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचं. मागच्या मशीनला स्वतःचे ब्रेक असतील तर ही उष्णता सहा किंवा आठ चाकांत वाटली जाते.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण तिकडे ओढायचे आकडे कंपन्या छापतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात टोयोटा हायलक्सला ब्रेकवाला ट्रेलर साडेतीन टनांपर्यंत ओढायची मुभा आहे. बिनब्रेकचा असेल तर त्याच गाडीला ७५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच, आकडा जवळजवळ पाचपट खाली. आपल्याकडे बहुतेक पिकअपच्या माहितीपत्रकात हौद्यातलं वजन मोठ्या अक्षरात असतं, पण मागे किती ओढायचं याचा रकानाच नसतो. "दोन टन पासिंग" म्हणजे दोन टन ओढते असा अर्थ लोक लावतात, तो चूक आहे. हौद्यातलं वजन गाडीच्या स्वतःच्या चार चाकांवर आणि चार ब्रेकवर असतं. ओढलेलं वजन मागून ढकलतं. म्हणून गाडी पक्की करण्याआधी डीलरमार्फत कंपनीला मेल करा: या मॉडेलला मागे हुक लावून किती वजन ओढायला तुमची मान्यता आहे, आणि हुक तुम्ही देता का. उत्तर लेखी घ्या. काही जण उत्तर देत नाहीत, तेही एक उत्तरच समजा.

आता व्हॅन की पिकअप.

दांडा गाडीवर टेकणारा असेल, म्हणजे एक धुऱ्याचं मशीन, तर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हुकावर पडायला हवा. दोन टनांना दोनशे किलो. हा भार कमी झाला, म्हणजे मशीनचा मागचा भाग जड झाला, तर पन्नास-साठच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीलाही हलवतो. तेव्हा दोनशे किलो धरूनच चालायचं. पण हुक मागच्या धुऱ्याच्या मागे सव्वा मीटर लांब असतो. गाडीच्या दोन धुऱ्यांतलं अंतर तीन मीटर धरलं तर मागच्या धुऱ्यावर दोनशेऐवजी दोनशे ऐंशी किलोंच्या आसपास भार येतो आणि पुढची चाकं ऐंशी किलोंनी हलकी होतात. पुढची चाकं स्टिअरिंगची. आणि गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असेल तर ओढणारीही तीच. टाटा विंगर पुढच्या चाकांवर चालते. माणसं न्यायला ती चांगली गाडी आहे, मीही लग्नाच्या वऱ्हाडाला तीच बोलावतो, पण मागे दोन टन लावून ओल्या चढावर तिची पुढची चाकं जागेवर फिरतील. इकोचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन किराणा पोचवायला ठीक आहे. व्हॅनमध्ये त्यातल्या त्यात फोर्स ट्रॅव्हलरची बंद डिलिव्हरी व्हॅन मागच्या चाकांवर चालणारी आहे, तिचा विचार होऊ शकतो.

पण तुमच्या बाबतीत मी तीही सुचवणार नाही, आणि त्याचं कारण ओढण्याशी संबंधित नाही. तुम्ही गॅस कटिंग करता. म्हणजे गाडीत ऑक्सिजन, सोबत डीए (ॲसिटिलीन) किंवा एलपीजी, आणि डिझेलचे कॅन. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या पत्र्याच्या बंद गाडीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच चढतं. तिथे एखाद्या रेग्युलेटरचा जोड थोडा सैल राहिला तरी गॅस आतच कोंडतो, आणि कोणीतरी दार उघडून दिवा लावतो. सिलेंडर उघड्या हौद्यात, उभे, साखळीने बांधलेले, टोप्या लावलेले असावेत. चोरीचा प्रश्न त्यापेक्षा स्वस्तात सुटतो. केबिनच्या मागे हौद्याच्या रुंदीएवढी जाड पत्र्याची पेटी फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्या, कुलूप आतल्या बाजूला लपणारं, आणि पेटी हौद्याला बोल्टाने आतून आवळलेली. ग्राइंडर, ड्रिल मशीन, गेज, वेल्डिंग केबल त्यात राहतं. रात्री चोर पेटी फोडण्यापेक्षा शेजारच्या साइटवर जातो.

दुसरं म्हणजे माणसं. सिंगल केबिनच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी एखाद-दुसरा बसतो, बाकीचे हौद्यात. खान्देशात हे रोजचं दृश्य आहे, पण माल वाहायच्या हौद्यात माणसं बसवणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यांत आधी हाच मुद्दा काढते. तुमची तीन-चार माणसं रोजची असतील तर दोन ओळींची केबिन घ्या. हौदा लहान होतो, वजन कमी बसतं, तरी चालेल. जड मशीन तर मागे चाकांवर आहे.

नावं घेतल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, तर घेतो. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, टाटाची योद्धा क्रू केबिन, या दोन तुमच्या बजेटच्या आसपासच्या. बोलेरो कॅम्परचं अडीच लिटरचं इंजिन ७५ हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटरचं. योद्ध्याचं २.२ लिटरचं, १०० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन-मीटर. चढावर योद्धा जास्त मोकळी वाटते. कॅम्परचे सुटे भाग आणि मिस्त्री तालुक्याच्या गावात काय, आठवडी बाजाराच्या गावातही मिळतात. धंद्याची गाडी तीन दिवस पार्टची वाट बघत उभी राहिली तर पंचवीस हॉर्सपॉवरचा फायदा तिथेच फिटतो, म्हणून मी अजून कॅम्परच्या बाजूने झुकतो. पण तुमच्या घराजवळ टाटाचं चांगलं वर्कशॉप असेल तर उलटं करा. दोघींतही फोर-व्हील ड्राइव्हचा प्रकार आहे, आणि त्यातला लो गिअर ट्रेलरवाल्याला चिखलापेक्षा रिव्हर्सला जास्त उपयोगी पडतो. चढावर मशीन मागे सरकवून लावताना अर्ध्या क्लचवर जे पाच मिनिटांचं नाटक चालतं, त्यात क्लचप्लेट जळते. लो गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी मुंगीच्या चालीने सरकते. इसुझू व्ही-क्रॉस (१६३ हॉर्सपॉवर, ३६० न्यूटन-मीटर) आणि हायलक्स या ओढायला नक्कीच सरस, पण त्यांच्या किमतीत तुमची गाडी आणि मशीन दोन्ही येतील.

गाडी घेतली की गॅरेजवाला म्हणेल, "दोन पाटे वाढवून देतो, कितीही टाका." पाटे वाढवले की गाडी मागून खाली बसत नाही, एवढंच होतं. धुऱ्याचं हाउसिंग, बेअरिंग, टायर, ब्रेकचे लायनर होते तेच राहतात, आणि आधी गाडी दबलेली दिसत होती ती धोक्याची खूणही जाते. वर रिकाम्या गाडीत माणसांची कंबर मोडते ती वेगळी. भार पाट्यांपेक्षा जास्त होत असेल तर गाडी मोठी घ्या.

हुक बंपरला वेल्ड करू देऊ नका. बंपर पातळ असतो आणि तो चॅसीला मोजक्या ठिकाणी धरलेला असतो. हुकाची पट्टी चॅसीच्या दोन्ही रेलना, कंपनीनेच पाडलेल्या भोकांमध्ये, मोठ्या बोल्टांनी बसली पाहिजे. चॅसीवर वेल्डिंगचा डाग नको, तिथूनच पुढे तडा जातो. मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चीही आडकाठी आहे. पिन आणि कडीचा जोड ट्रॅक्टरला ठीक, पण त्यात खेळ असतो, आणि गाडीच्या वेगाला तो खेळ प्रत्येक खड्ड्यात हातोडा मारतो. मशीनच्या दांड्याला ज्या मापाची कडी किंवा कप असेल त्याच मापाचा हुक लावा, बोल्ट घुसवून जुळवाजुळव नको. दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. जोडल्यावर दांडा जमिनीला समांतर दिसला पाहिजे. टोक वर गेलं तर मशीनचा भार मागे पडतो आणि शेपटी हलायला सुरुवात.

टायरबद्दल थोडंच. हवा सकाळी थंड टायरला भरायची. दुपारी तापून दाब वाढलेला दिसला की पंपावरचा पोरगा हवा सोडतो, ती सोडू देऊ नका, संध्याकाळी टायर मऊ पडतो आणि मऊ टायरच जास्त तापून फुटतो. मशीनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते नुसते उन्हात उभे असतात. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. जुनं मशीन घेत असाल तर आधी ते वाचा.

आणि काळी माती. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर कापसाच्या शेतातल्या विहिरीपर्यंत मशीन न्यायचं असेल तर कुठलीही पिकअप, फोर-व्हील असो की नसो, दोन टन मागे लावून जाणार नाही. चाकं चिखलाने लपेटली की नक्षी उरतच नाही. गाडी डांबरी रस्त्याला लावायची आणि शेवटचं अंतर शेतमालकाच्या ट्रॅक्टरने. हे दर ठरवतानाच बोलून घ्या, म्हणजे नंतर वाद नको. याच शेवटच्या अंतरासाठी अडीच-तीन लाख जास्त देऊन मोठी गाडी घेणं मला कधी पटलं नाही. धडगावकडे चांदसैली घाटातून जायचं काम आलं तर मशीन ट्रकमध्ये चढवून पाठवा. त्या वळणांवर समोरून एसटी आली की ट्रेलर मागे कोण घेणार?

कागदांचं सांगतो, कारण लोक गाडीचे कागद करतात आणि मशीनचे विसरतात. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी आणि विमा. मशीन घेताना विकणाऱ्याला सांगाड्याची पासिंग होईल असे कागद मागा, आणि पैसे देण्याआधी ते एमएच १८ (धुळे) किंवा १९ (जळगाव), जिथे तुमचं काम असेल त्या आरटीओत दाखवून घ्या. माल वाहणाऱ्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यावर लागतं. मोठा हौदा घेताना हा फरक लक्षात ठेवा. एकूण साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. ट्रेलर जोडून चालवणार हे मात्र विमा एजंटला स्पष्ट सांगा आणि पॉलिसीत तसं लिहून घ्या. जास्त वजनाला दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,०००. एका दंडात महिन्याचा नफा जातो.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. मशीन मुक्कामी राहत असेल तर रस्त्याच्या सांगाड्याचं, दाबाच्या ब्रेकचं, आणि दोन टनांऐवजी शक्य तितकं हलकं मशीन. एक-दोन ब्रेकर चालवायला दोन टनांचा कॉम्प्रेसर लागतच नाही, एक टनाच्या आसपासचा पुरतो, आणि त्याने गाडीचे निम्मे प्रश्न मिटतात. मोठं मशीन ड्रिलिंगसाठी खरंच लागत असेल तरच मोठं घ्या. त्यापुढे दोन ओळींच्या केबिनची कॅम्पर किंवा योद्धा. मशीन रोज हलत असेल तर ४०७ वर्गातली गाडी, मशीन हौद्यात.

जुनी गाडी बघणार असाल तर केळीच्या भाड्याला पळालेली पिकअप जपून घ्या. रावेर-सावद्याकडच्या गाड्या दिसायला चकाचक असतात, पण त्यांनी हंगामात क्षमतेच्या वर माल वाहिलेला असतो. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन केबिन आणि हौद्याच्या मधल्या जागेत चॅसी खालून बघा, तिथे वेल्डिंग, पट्टी किंवा ताजा काळा रंग दिसला तर परत फिरा. मागच्या पाट्यांची संख्या मोजा, कंपनीच्या पाट्यांपेक्षा जास्त असतील तर गाडीचं आयुष्य कसं गेलं ते कळलं. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेल उतरलेलं असेल तर धुऱ्याचं सील गेलंय आणि लायनरही तेलकट झालेत. मग गाडीत हजार किलो सिमेंट किंवा रेती टाकून लळिंगच्या चढावर घेऊन जा, मध्येच थांबवा आणि हँडब्रेकवर धरून पुन्हा उचला. हँडब्रेक धरत नसेल किंवा क्लच सोडताना इंजिन वर ओरडतं पण गाडी हलत नसेल, तर किमतीतून पूर्ण क्लच सेट आणि मागच्या ब्रेकचं काम वजा करूनच बोला. मशीनच्या पाटीचा फोटो आणि काट्याची पावती पाठवलीत तर हुक जमिनीपासून किती उंच ठेवायचा ते मापासकट सांगतो.